उंदराची टोपी की कोळ्याची बायको?
परळला राहणाऱ्या माझ्या नणंदेला पडलेला प्रश्न: थोडक्यात सुख मानायला शिकवणारी कुठली गोष्ट लेकीला सांगावी? पोर ४ वर्षांची.

टोपीवाला उंदीर आपल्याला तोंडपाठ असतोच. सापडलेली चिंधी धोबी धुतो, शिंपी शिवतो, वर गोंडे लागतात आणि स्वारी ढोलकं बडवत राजापुढे: ‘राजा भिकारी, माझी टोपी घेतली!’ मूल ताल धरतं. झोप मात्र उडते.

ग्रिम बंधूंच्या १८१२च्या संग्रहातली कोळ्याची बायको जरा लांबते. कोळी जाळ्यातला जादूचा मासा सोडून देतो, मग बायको त्या माशाकडे एकेक मागायला लावते: झोपडी, घर, राजवाडा, राजेपद, सम्राटपद, पोपपद आणि शेवटी पुन्हा झोपडी. दर मागणीला समुद्र आणखी काळवंडतो. पावसाळ्यात वरळीला नेऊन दाखवावा असा. पण झोपडीतलं सुख त्यात दिसत नाही, हावेची भीतीच उरते. चिंधीचा आनंद दिसतो, म्हणून मला उंदीर जवळचा.

धाकटीला उंदीरच सांगा. ‘अजून हवं’ म्हणून हटून बसणाऱ्या तिच्या ८ वर्षांच्या दादाला कोळीण.