पावतीवर ‘पॉली’, फ्रेममध्ये सीआर: नंबरच्या सायकल गॉगलमधली फसवणूक

नंबरचा सायकल गॉगल करून घेणारा माणूस बहुतेक वेळा काचेत फसतो. फ्रेम हातात घेऊन वाकवून बघता येते, वजन कळते, नाकावर बसते की घसरते ते लगेच समजते. काच मात्र गडद रंगवलेली असते. ती कशाची आहे, तिचा मध्य कुठे आहे, नंबर कोणत्या हिशोबाने घातला आहे, यातले काहीच आरशात दिसत नाही. आणि पैसे तर काचेचेच जास्त घेतलेले असतात.

व्यवहार साधारण असा होतो. उणे ४ नंबरचा सायकलस्वार दुकानात जातो आणि चेहऱ्याला वळसा घालणारी स्पोर्ट्स फ्रेम पसंत करतो. मागून ट्रकने उडवलेला खडा डोळ्यावर आला तरी काच फुटता कामा नये, असे सांगतो. ‘पॉलीकार्बोनेट टाकू, यूव्ही ४००, गडद टिंट’ असे उत्तर मिळते. (यूव्ही ४०० म्हणजे ४०० नॅनोमीटरपर्यंतचे अतिनील किरण अडवणारी काच.) निम्मे पैसे आगाऊ दिले जातात आणि दोन-तीन दिवसांत गॉगल हातात येतो. दुकानात सगळे ठीक वाटते. पहिल्या लांब राइडला मात्र कडेचा रस्ता वाकलेला दिसतो, उतारावर खड्ड्याची खोली कळत नाही, दोन तासांनी भुवयांच्या मागे ठणका लागतो. परत गेल्यावर ‘नवीन आहे, सवय होईल’ असे सांगतात. ही सवय होणारी गोष्ट नाही. त्या गॉगलमध्ये एकाच वेळी तीन लबाड्या असू शकतात.

पहिली लबाडी मालाची. दुकानात ज्याला ‘फायबर’ किंवा नुसते ‘सीआर’ म्हणतात ते सीआर-३९ प्लास्टिक रंग छान पिते. नव्वद अंशांच्या वर तापवलेल्या रंगाच्या भांड्यात काही मिनिटे बुडवले की हवा तेवढा गडद टिंट येतो. पॉलीकार्बोनेट स्वतः रंग पीत नाही. रंग चढतो तो त्याच्यावरच्या कोटिंगला, आणि तोही सहसा फिकट. गडद पॉली हवी असेल तर मुळात रंगीत माल किंवा आत पोलराइज्ड, म्हणजे चकाकी अडवणारा थर असलेली काच लॅबकडून मागवावी लागते. तिला वेळ लागतो आणि ती महाग पडते. म्हणून दुकानातल्या साठ्यातली सीआर काढायची, मागच्या खोलीत रंगवायची आणि पावतीवर पॉली लिहायचे. ‘दोन दिवसांत गडद पॉली देतो’ असे कोणी म्हटले की तिथेच सावध व्हावे.

फरक केवळ किमतीचा असता तर एवढे लिहायची गरज नव्हती. अमेरिकेत साध्या चष्म्याच्या काचेवर १६ ग्रॅमची पोलादी गोळी ५० इंचांवरून टाकून बघतात. पुरेशी जाड असली तर सीआरही ती चाचणी पार करते. सुरक्षा चष्म्यांच्या झेड८७ मानकात वरच्या दर्जासाठी पाव इंची गोळी सेकंदाला १५० फूट, म्हणजे ताशी सुमारे १६५ किलोमीटर वेगाने मारतात. ते काम पॉलीकार्बोनेटचे किंवा ट्रायव्हेक्स या तशाच चिवट प्लास्टिकचे. त्यात उणे नंबरची काच मध्यभागी सगळ्यात पातळ असते, म्हणजे नेमकी बुबुळासमोर. सीआर फुटली की तिच्या तुकड्यांना धार असते.

ओळखायचे कसे? एलसीडी पडद्याचा लॅपटॉप घ्या आणि त्यावर पांढरे पान उघडा. कुठलाही खरा पोलराइज्ड गॉगल डोळ्यांना लावून पडदा काळा पडेपर्यंत मान तिरकी करा. आता संशयित काच मध्ये धरा. पॉलीकार्बोनेट साच्यात दाबून ओतलेले असल्यामुळे त्यात ताण राहतो आणि इंद्रधनुष्यासारखे पट्टे दिसतात. सीआर जवळपास कोरी दिसते. फार तर फ्रेमने आवळलेल्या कडेला उजळ रेघा येतात. ट्रायव्हेक्सही कोरीच दिसते, त्यामुळे पावतीवर ट्रायव्हेक्स असेल तर ही चाचणी चालणार नाही. काच स्वतः पोलराइज्ड असेल तरीही नाही. पण ‘साधी टिंटेड पॉली’ या नावाने विकलेली सीआर हिच्यात हमखास पकडली जाते. बाकीचे पैसे देण्याआधी दुकानातच करून बघा. एसीटोन लावून पॉली ओळखण्याचा सल्ला मात्र मानू नका. काच खरी असली तरी खराब होईल.

दुसरी लबाडी हिशोबाची. तिच्यात भले भले फसतात, कारण इथे दुकानदार यंत्रावरचा पुरावा दाखवतो. नेहमीच्या चष्म्याची काच डोळ्यासमोर जवळजवळ सपाट उभी असते. सायकलच्या गॉगलची काच कानाकडे १५ ते २५ अंश वळलेली असते. काच वळली की नंबर बदलतो. उणे ४ ची पॉली काच २० अंश वळवली तर डोळ्याला ती सुमारे उणे ४.१५ लागते आणि वर उणे ०.५५ चा सिलिंडर, म्हणजे एकाच दिशेतला जादा नंबर, आयता पडतो, अक्ष ९० वर. अर्ध्या नंबरचा सिलिंडर तपासणीत सापडला असता तर डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहिला असता. इथे तो कुणी न सांगता डोळ्यावर बसतो. १५ अंशांत तोच ०.३० च्या आसपास येतो. नंबर उणे २ असेल तर सगळे निम्मे. म्हणून कमी नंबरवाल्यांना त्रास जाणवत नाही, आणि त्यांचे ‘मला तर काही झालं नाही’ ऐकून जास्त नंबरवाला फसतो.

यावर उपाय आहे. फ्रेमचा वळणाचा कोन, पुढे झुकण्याचा कोन आणि काच-डोळा अंतर मोजून लॅबला कळवायचे. लॅब त्याप्रमाणे बदललेला, म्हणजे कॉम्पेन्सेटेड नंबर घासते आणि सोबत दोन नंबरांची चिठ्ठी देते: एक डॉक्टरांचा, एक यंत्रावर दिसणारा. पैसे याचेच घेतलेले असतात. आता परत गेलेल्या ग्राहकाला दुकानदार काच लेन्सोमीटरवर, म्हणजे काचेचा नंबर मोजणाऱ्या यंत्रावर लावून दाखवतो, ‘बघा, बरोबर उणे ४, सिलिंडर शून्य.’ ग्राहक गप्प होतो. वास्तविक तिथेच चोरी सिद्ध झालेली असते. २० अंश वळलेल्या फ्रेममध्ये यंत्रावर बरोबर उणे ४ आले, याचा अर्थ हिशोब केलेलाच नाही. उलट प्रामाणिक दुकानातून आलेली काच यंत्रावर थोडी वेगळी दिसते म्हणून तिच्यावर आरोप करू नका. आधी लॅबची चिठ्ठी मागा.

तिसरी लबाडी मध्याची, आणि तिचे मूळ साठ्यातल्या काचेच्या आकारात आहे. फ्रेमच्या दांडीवर ६६-१७ असे आकडे असतात. ६६ ही काचेची रुंदी, १७ नाकावरचा पूल, मिलिमीटरमध्ये. दोन्ही काचांच्या भौमितिक मध्यांत मग ८३ मिलिमीटर अंतर पडते. तुमच्या बाहुल्यांमधले अंतर, ज्याला पीडी म्हणतात, ते ६३ असेल तर प्रत्येक काचेचा नंबरचा मध्य नाकाकडे १० मिलिमीटर सरकवायला हवा. तेवढा सरकवायचा तर न कापलेली गोल काच साधारण ८८ ते ९० मिलिमीटर व्यासाची लागते. साठ्यातल्या काचा ७० किंवा ७५ च्या असतात. त्या पुरत नाहीत, म्हणून मध्य बाहेरच ठेवून काच बसवली जाते. उणे ४ ला १० मिलिमीटरची चूक म्हणजे एका डोळ्याला ४ प्रिझम: १० मीटरवरची वस्तू ४० सेंटिमीटर सरकलेली. दोन्ही डोळ्यांचे मिळून ८. दोन चित्रे एक करायला डोळे बाहेरच्या बाजूला ओढून धरावे लागतात, आणि भुवयांमागचा ठणका त्यातूनच येतो.

हे घरी तपासता येते. गॉगल हातभर लांब धरून एका काचेतून दाराच्या चौकटीची उभी कड बघा. काच आडवी सरकवत जा. काचेतली कड आणि काचेच्या वर-खाली दिसणारी कड एका रेषेत आली की तिथे स्केच पेनने ठिपका द्या. दुसऱ्या काचेलाही तसेच करा. दोन ठिपक्यांतले अंतर पीडीच्या आसपास हवे. वळलेल्या काचेत एक-दोन मिलिमीटर इकडेतिकडे चालतात. ६३ च्या जागी ७६ आले तर काच चुकीची कापली आहे.

याच जोडीला वक्रतेचाही घोळ असतो. वळलेल्या फ्रेमची खोबण साधारण ८ बेसच्या (बेस म्हणजे काचेच्या बाहेरच्या बाकाचा आकडा) काचेसाठी बनवलेली असते, साठ्यातली काच ४ किंवा ६ बेसची. ती गरम करून, दाबून बसवतात. फ्रेम सपाट होते, कोपऱ्यात फट पडते, आणि एखाद्या रंबलरवर काच निसटते. फ्रेमसोबत आलेल्या डेमो काचा ऑर्डर देतानाच मागून ठेवा. नवी काच तिच्यावर ठेवली की बाहेरचा बाक जुळतो की नाही ते उघड्या डोळ्यांनी दिसते.

मापे घेतानाची एक गोष्ट फसवणुकीत मोडत नाही, निष्काळजीपणात मोडते, पण भोगायला ग्राहकालाच लागते. सायकलवर मान खाली आणि नजर वर असते, त्यामुळे आपण काचेच्या वरच्या भागातून बघतो. खुर्चीत ताठ बसवून घेतलेली मध्याची उंची सायकलवर खाली पडते. हँडलवर वाकल्यासारखे बसून माप द्या. चाळिशी लागलेली असेल आणि वाचनाचा भागही हवा असेल तर हे अगदी सोडू नका.

वरून लादल्या जाणाऱ्या गोष्टींबद्दल थोडक्यात. निळसर प्रकाशाची टॉर्च कार्डावर मारून ‘बघा, यूव्ही अडला’ असे दाखवतात. त्या टॉर्चचा प्रकाश बहुधा ४०० नॅनोमीटरच्या आसपासचा, डोळ्याला जांभळा दिसणारा असतो, आणि गडद काच तो तशीही मंद करते. यूव्ही मोजायचा तर मीटरवर, आणि तोही रंग न चढवलेल्या त्याच मालाच्या काचेशी ताडून. सीआरला यूव्हीची वेगळी प्रक्रिया नसेल तर नुसता गडद रंग धोक्याचा: अंधारामुळे बाहुली मोठी होते आणि यूव्ही आत जातो. पोलराइज्ड म्हणून नुसती टिंटेड काच देणे तर फार सोपे आहे. लॅपटॉपसमोर काच फिरवा, कुठल्याच कोनात पडदा काळा पडला नाही तर ती पोलराइज्ड नाही. आणि खरी पोलराइज्ड सायकलला हवीच असेही नाही. पावसाळ्यात ओल्या रस्त्यावरची डिझेलची तकाकी, ओले पांढरे पट्टे, लोखंडी झाकणे त्यांच्या चमकेवरूनच ओळखू येतात. ती चमक पोलराइज्ड काच खाऊन टाकते, आणि काही सायकल कॉम्प्युटरचे पडदेही तिच्यातून काळे दिसतात.

उन्हात गडद होणारी फोटोक्रोमिक काच टॉर्चखाली गडद करून दाखवतात. ती परत फिकी व्हायला किती मिनिटे लागतात ते मात्र दाखवत नाहीत. भर उन्हातून कात्रजच्या जुन्या बोगद्यात शिरलात तर बोगदा संपेपर्यंत ती गडदच राहील. शिवाय ती उष्णतेत कमी गडद होते. महाबळेश्वरच्या थंड सकाळी जेवढी होईल तेवढी मे महिन्यातल्या सोलापुरात होणार नाही. टिंटचा दर्जा आकड्यात मागा. ३ म्हणजे ८ ते १८ टक्के प्रकाश आत येतो, नेहमीच्या उन्हाला पुरतो. ४ म्हणजे ३ ते ८ टक्के, तो वाहन चालवण्यासाठी नसतो, आणि ‘एकदम डार्क’ मागणाऱ्याला काही जण तोच देतात. ६०० किलोमीटरच्या बीआरएमला, म्हणजे ठरलेल्या वेळात पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या राइडला, ४० तासांची मुदत असते, म्हणजे रात्र येणारच. तिथे एका गडद गॉगलवर भागत नाही.

नंबर उणे ५-६ च्या पुढे असेल तर वळलेल्या फ्रेममध्ये थेट काच बसवून देतो म्हणणाऱ्यापासून दूर राहा. गॉगलच्या आत नंबरची छोटी क्लिप बसते ती घ्या. तिच्यावर वाफ धरते, पापण्या घासतात, चढावर वैताग येतो, पण नंबर बरोबर लागतो.

ऑर्डर देताना पावतीवर हे शब्द लिहून घ्या: पॉलीकार्बोनेट १.५९, ८ बेस, फ्रेमचा वळणाचा कोन अंशांत, उजव्या-डाव्या डोळ्याची पीडी वेगवेगळी, कॉम्पेन्सेटेड नंबर, टिंटचा दर्जा, यूव्ही ४००. काचेचे पाकीट आणि लॅबची चिठ्ठी गॉगलसोबत मिळेल, हेही लिहून घ्या. पाकिटावर नंबर, माल आणि व्यास छापलेला असतो. तिथे ७० दिसले की मध्याचे काय झाले असेल ते कळते. नुसते ‘गॉगल १ नग’ लिहिलेल्या पावतीवर आगाऊ पैसे देऊ नका.

फसलाच असाल तर गॉगल लगेच दुकानात सोडून येऊ नका. आधी दुसऱ्या एखाद्या ऑप्टोमेट्रिस्टकडून यंत्रावरचा नंबर, मध्यांतले अंतर आणि बेस त्यांच्या लेटरहेडवर लिहून घ्या. लॅपटॉपसमोरच्या चाचणीचा फोटो पावती शेजारी ठेवून काढा. मग लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार पावती न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. पावतीवर मुदत नसेल तर सदोष माल ३० दिवसांत परत घ्यायला नकार देणे हीसुद्धा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. दुकानदार ‘ठेवून जा, बदलून देतो’ म्हणाला तर गॉगलचे वर्णन आणि तारीख लिहिलेली पोच घेतल्याशिवाय तो हातातून सोडू नका. काच बदलली गेली की आधी काय बसवले होते याचा पुरावा तिच्याबरोबरच जातो.