अण्णांच्या घड्याळात पुन्हा आठ वाजू लागले: आठ महिने वापरून झाल्यावर

आमच्या अण्णांच्या डिजिटल घड्याळात आठ कधी वाजायचेच नाहीत. सातनंतर थेट नऊ, आणि नऊ दोन तास चालायचे. पाचही तसेच दोन तास. तासाच्या आकड्यातली खालची डावी काडी उमटत नव्हती, त्यामुळे ८ चा ९ आणि ६ चा ५ व्हायचा. त्यात वरची काच तपकिरी, ढगाळ. सोलापुरात नवी पेठेतल्या दोन दुकानांत दाखवलं. दोन्हीकडे उत्तर एकच, ‘डिस्प्ले गेला, पार्ट येत नाही, नवीन घ्या.’

डिस्प्ले गेला नव्हता. डिसेंबरात मी तो घरीच दुरुस्त केला, आणि तेव्हापासून आजपर्यंत घड्याळ कधी अण्णांच्या, कधी माझ्या मनगटावर आहे. असं जुनं घड्याळ ड्रॉवरमध्ये पडून असेल त्यांच्यासाठी हे लिहितोय.

आधी दुखणं कुठलं ते ओळखा. घड्याळाचा डिस्प्ले, म्हणजे एलसीडी, हा असा असतो: दोन काचा, मधे द्रवस्फटिकाचा केसाहून पातळ थर, आणि पुढे-मागे चिकटवलेली पोलरायझर फिल्म, म्हणजे ठरावीक दिशेचाच प्रकाश सोडणारा पापुद्रा. काचेपर्यंत वीज नेते ती रबराची बारीक पट्टी. तिच्यात वीज वाहणारे काळे आणि न वाहणारे थर एकाआड एक असतात, म्हणून तिला झेब्रा म्हणतात. एखादीच काडी गायब असेल आणि काचेची कड हलकेच दाबल्यावर परत उमटत असेल, तर दोष झेब्र्याच्या टेकण्यात आहे. काही घड्याळांत एका रेषेवर दोन-तीन काड्या असतात, तिथे त्या एकदम जातात. अण्णांच्या घड्याळात एक काडी, एक रेष, असा सरळ कारभार.

सगळे आकडे पुसट असतील तर पोलराइज्ड गॉगल लावा आणि घड्याळ गोल फिरवून बघा. मी गॉगल लावला आणि ढगाळ काचेतून आकडे ठसठशीत दिसले. म्हणजे स्फटिक शाबूत, फिल्म मेलेली. पण कोपऱ्यातून शाईसारखा काळा डाग पसरत आला असेल तर काच तडकली आहे किंवा सील गेलं आहे. त्याला इलाज नाही. शेजारच्या काकांचं असं एक घड्याळ मी त्याच दिवशी परत दिलं.

सरावासाठी आधी चांगलं चालणारं कॅसिओ एफ-९१डब्ल्यू उघडलं. १९८९ पासूनचं डिझाइन, मागे चार स्क्रू, हात बसायला उत्तम. मग अण्णांचं घेतलं आणि पहिल्याच दिवशी माती खाल्ली. सोलापुरी चादरीवर मांडी घालून कामाला बसलो, झेब्रा चिमट्यातून निसटला आणि मोराच्या नक्षीत गडप झाला. अर्धा तास टॉर्च घेऊन शोधला. तेव्हापासून स्टीलचं ताट, त्यात पांढरा कागद.

झेब्र्याला बोट लावायचं नाही, ताणायचा नाही. आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या, धागे न सुटणाऱ्या कापडावरून एकदा फिरवला, काचेची कड आणि सर्किटवरच्या पट्ट्या पुसल्या, आणि काडी परत आली. गंमत म्हणजे स्क्रू कमी-जास्त आवळल्यावर ती पुन्हा गेली. आडव्या-तिडव्या क्रमाने थोडेथोडे आवळा. काच तपासायला थेट सेल लावण्याचा मोह टाळा. एलसीडीला उलटसुलट होणारी वीज लागते, एकाच दिशेची वीज स्फटिक नासवते.

फिल्मचं काम खरं चिकाटीचं. जुनी फिल्म ब्लेड आडवं धरून खरवडताना आंबूस, व्हिनेगरसारखा वास येतो. फिल्ममधलं अ‍ॅसिटेट कुजल्याचा तो वास. राहिलेला गोंद अल्कोहोलने काढला, पण काचेच्या कडेच्या सीलपाशी जपून. नवी फिल्म कापण्याआधी काचेवर नुसती धरून फिरवून पाहा. मी घाईत कापली, चौथाई फेरा चुकला, आणि काळ्यावर पांढरे आकडे आले. काही जण हौसेने असं करतात म्हणे. अण्णा म्हणाले, ‘एक्स-रे काढलाय काय रे?’ दुसरा तुकडा कापला.

सेल घातल्यावर पडदा कोरा राहिला तर घाबरू नका. सर्किटवर ‘एसी’ (ऑल क्लिअर) लिहिलेला ठिपका असेल, तर तो आणि सेलची वरची बाजू चिमट्याने क्षणभर जोडा. आणि सेल ‘एसआर’चाच, म्हणजे सिल्व्हर ऑक्साइडचाच मागा. पानपट्टीशेजारी मिळतो तो ‘एलआर’, म्हणजे अल्कलाइन, आकाराने तोच, पण त्याचा विजेचा दाब (व्होल्टेज) हळूहळू उतरतो, आकडे फिके पडतात, आणि तो गळला की सर्किट खातो.

आता वापराबद्दल. जानेवारीत सिद्धेश्वराच्या यात्रेत, गड्ड्याच्या गर्दीत, धुळीत, काही झालं नाही. मेमध्ये सात रस्त्याला दुपारी घड्याळ गाडीच्या टाकीवर ठेवून रस प्यायला गेलो, परत येतो तो पडदा अख्खा काळा. पोटात गोळा आला. सावलीत दहा मिनिटांत आकडे परत. फार तापलं की स्फटिक आपला पीळ सोडतो आणि प्रकाश अडतो, गार झाला की ठिकाणावर येतो. पण रोज तशी परीक्षा घेऊ नका, फिल्मचा गोंद त्यात मरतो. माझ्या फिल्मला जूनमध्ये खालच्या उजव्या कोपऱ्यात बुडबुडा आलाच. घाम मुरला असावा, मागचं रबर सील मी जुनंच ठेवलं होतं, ती कंजुषी नडली. शिवाय फिल्म किंचित तिरकी कापली गेली आहे, डावीकडून पाहिलं की आकडे फिके दिसतात. नवीन घड्याळाइतका काळेपणा नाहीच.

तांदळाएवढा आतला बल्ब मात्र अजून लागत नाही. तो काढायचं धाडस झालेलं नाही. रात्री किती वाजले हे बघायला अण्णा मोबाइलचा उजेड घड्याळावर पाडतात.