बाईंच्या गळ्यातला माइक, मुलीच्या कानातला रिसीव्हर: एका शालेय वर्षाचा अनुभव

माझ्या नऊ वर्षांच्या मुलीला डिस्लेक्सिया, म्हणजे वाचण्या-लिहिण्यातली अडचण, आहे आणि तिचे कान उत्तम आहेत. ही दोन्ही विधाने खरी असूनही तिला वर्गात नीट ऐकू येत नाही, हे उमगायला आम्हाला दोन वर्षे लागली. कानाच्या नेहमीच्या चाचणीत बंद खोलीत एकेक सूर ऐकवतात आणि ते तिला चोख ऐकू येतात. परंतु पंखे, बाकांची सरकासरक आणि शेजारच्या मुलांची कुजबुज यांतून बाईंचा आवाज वेगळा काढणे तिच्या मेंदूला जड जाते. श्रुतलेखनाच्या वहीत ‘घडी’च्या जागी ‘गडी’ आणि ‘पाठ’च्या जागी ‘पाट’ येई, आणि आम्ही सारे ते लिहिण्यातले दुर्लक्ष समजून तिला तोच शब्द दहादा लिहायला लावत होतो. दोन कानांत एकाच वेळी वेगवेगळे अंक ऐकवणे, सलग खरखरीत मधेच आलेली क्षणभराची शांतता ओळखायला लावणे, अशा तपासण्या झाल्यावर श्रवणतज्ज्ञांनी रिमोट मायक्रोफोन वापरून पाहण्यास सांगितले.

या उपकरणाचे काम अगदी साधे आहे. बाईंच्या तोंडापासून साधारण 15 सेंटिमीटरवर छोटा माइक अडकवायचा आणि मुलीच्या दोन्ही कानांमागे रिसीव्हर बसवायचे. मोकळ्या जागेत बोलणाऱ्यापासूनचे अंतर दुप्पट झाले की आवाज 6 डेसिबलने उतरतो, गोंगाट मात्र खोलीभर जवळपास तेवढाच राहतो. म्हणून मागच्या बाकावर पोहोचेपर्यंत शब्दांचा टिकाव लागत नाही. शिक्षकांचा आवाज गोंगाटापेक्षा किमान 15 डेसिबलने वरचढ असावा, अशी लहान मुलांच्या वर्गांसाठी शिफारस आहे. माइक हे अंतरच काढून टाकतो. सगळाच आवाज मोठा करणाऱ्या यंत्राशी याची गल्लत करू नये, कारण माझ्या मुलीला मोठा आवाज नको आहे, तिला वेगळा काढलेला आवाज हवा आहे.

पहिला फरक वाचनात दिसला नाही, तो संध्याकाळी दिसला. पूर्वी शाळेतून आल्यावर ती दप्तर दारातच टाकून तासभर उशीखाली डोके खुपसून पडत असे आणि कोणी हाक मारली की चिडत असे. दुसऱ्या महिन्यात ते बंद झाले. श्रुतलेखनातल्या ‘ग’ आणि ‘घ’ यांच्या चुका सहामाहीपर्यंत बऱ्याच घटल्या. वाचनाचा वेग मात्र केवळ यंत्रामुळे वाढला, असे मी म्हणणार नाही, कारण त्याच काळात आठवड्यातून तीनदा विशेष शिक्षिकेकडे ध्वनी आणि अक्षर जोडण्याचा सराव चालू होता. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात नीना क्राउस यांच्या प्रयोगशाळेने 2012 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात वर्षभर असे उपकरण वापरणाऱ्या डिस्लेक्सियाग्रस्त मुलांचे वाचन आणि शब्दातले सुटे ध्वनी ओळखण्याची क्षमता सुधारली होती, तसेच बोलण्याला मेंदूकडून मिळणारा प्रतिसाद अधिक स्थिर झाला होता. माझ्या घरातला अनुभव त्याच्याशी जुळतो, एवढेच.

त्याआधी आम्ही संगणकावरच्या श्रवण-खेळांवर एक उन्हाळा घालवला होता. उच्चारांमधले झपाट्याने बदलणारे भाग ताणून ऐकवायचे आणि हळूहळू मूळ वेगावर आणायचे, ही त्यामागची कल्पना पॉला टलाल आणि मायकेल मर्झनिक यांच्या 1996 मधल्या संशोधनामुळे गाजली. पण याच कल्पनेवर उभ्या राहिलेल्या ‘फास्ट फॉरवर्ड’ या कार्यक्रमाच्या चाचण्यांचा 2011 मध्ये एकत्रित आढावा घेतला गेला, तेव्हा वाचनाला त्याचा लाभ होतो असा ठोस पुरावा मिळाला नाही. आमची मुलगी खेळात मात्र पटाईत झाली.

आता तक्रारी. रिसीव्हर बाईंचेच ऐकवतो. मागच्या बाकावरच्या मुलाने दिलेले उत्तर पूर्वीसारखेच हरवते, आणि गटात काम असेल तर माइक हातोहात फिरवावा लागतो, जे मुलांना दोन दिवस गमतीचे आणि नंतर कंटाळवाणे वाटते. बाईंची साखळी माइकवर घासली की कानात करकर होते. एकदा मधल्या सुट्टीत माइक बंद करायचा राहिला आणि शिक्षकांच्या खोलीतला संवाद मुलीने मैदानात उभी राहून ऐकला. घरी येऊन तिने तो शब्दशः सांगितला, तेव्हा यंत्राच्या गुणवत्तेबद्दल माझी खात्री पटली. रिसीव्हरची बॅटरी शेवटच्या तासाला मान टाकते. उत्पादकाची सेवा तर निराशाजनक आहे: दुरुस्तीला दिलेला एक रिसीव्हर सात आठवड्यांनी परत आला आणि बदली रिसीव्हर मागूनही मिळाला नाही.

डिस्लेक्सिया असलेल्या प्रत्येक मुलासाठी हे घ्यावे, असा माझा सल्ला नाही. 2003 मधल्या एका नावाजलेल्या अभ्यासात डिस्लेक्सिया असलेल्या 16 विद्यापीठ-विद्यार्थ्यांपैकी सर्वांना शब्दांतले ध्वनी हाताळण्यात अडचण होती, पण श्रवण-प्रक्रियेतला, म्हणजे ऐकलेला आवाज मेंदूने उलगडण्यातला, दोष 10 जणांतच आढळला. म्हणून आधी श्रवण-प्रक्रियेची तपासणी करून घ्यावी, मग निदान महिनाभर उपकरण चाचणीसाठी मागावे, आणि त्या महिन्यात ते घरच्या शांततेत न तपासता शाळेतल्या सर्वांत गोंगाटाच्या तासाला लावून पाहावे.