ऑफिसातून थेट नाटकाला: खणाच्या जाकिटाचा नऊ महिन्यांचा अनुभव

मी डोंबिवलीत राहते आणि माझे ऑफिस वांद्रे-कुर्ला संकुलात आहे. संध्याकाळी दादरच्या शिवाजी मंदिरात किंवा माटुंग्याच्या यशवंत नाट्य मंदिरात प्रयोग असेल, तर घरी जाऊन कपडे बदलून परत येण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. सकाळी सव्वासातला घराबाहेर पडताना जे अंगावर असते, तेच रात्री पडदा पडेपर्यंत आणि पुढे शेवटच्या गाड्यांपैकी एखादीत बसेपर्यंत अंगावर राहते. अशा दिवसांसाठी म्हणून मी गेल्या जुलैमध्ये ठरवून काही कपडे जमवले: शिवून घेतलेले खणाचे लांब जाकीट, सरळ कटची काळी पँट, एक लिननची पँट, सॅटिनचा तयार ब्लाऊज आणि एक माहेश्वरी साडी. मार्चअखेर या सगळ्यांना नऊ महिने झाले. त्यांतला ब्लाऊज घरकामाच्या मावशींच्या मुलीकडे गेला, लिननची पँट रविवारपुरती उरली आणि जाकीट मात्र आठवड्यातून एकदा तरी वापरात आहे. म्हणून हा अनुभव मुख्यतः त्या जाकिटाचा आहे.

आधी ब्लाऊजबद्दल, कारण माझी निवडीची चूक तिथेच झाली. ऑफिसात चालेल आणि संध्याकाळीही शोभेल असे म्हणताना माझ्या डोक्यात चमक होती, आणि चमक म्हणजे सॅटिन असे मी धरून चालले होते. ट्रायल रूमच्या आरशात तो ब्लाऊज सुरेख दिसला. कुर्ल्याचा पूल चढून शेअर रिक्षाच्या रांगेत उभी राहीपर्यंत पाठीवर ओला नकाशा उमटला होता, आणि तो वाळल्यावर त्याच्या कडेची पांढुरकी रेघ दिवसभर तशीच राहिली. आतली पट्टी वाचली तेव्हा कळले की कापड शंभर टक्के पॉलिस्टरचे आहे. सुती धागा हवेतला ओलावा स्वतःच्या वजनाच्या सुमारे ८ टक्के सामावून घेतो, रेशीम ११ टक्क्यांच्या आसपास, आणि पॉलिस्टर अर्धा टक्कासुद्धा नाही. घाम कापडात मुरत नाही, तो कातडीवर आणि कापडाच्या पाठीवर बसून राहतो. शिवाय दुपारी वातानुकूलित हवेत तेच कापड अंगाला चिकटू लागते आणि केसही ओढते. संध्याकाळी साडेसहाला वॉशरूमच्या आरशात मी स्वतःकडे पाहिले आणि त्या दिवशीचे तिकीट मैत्रिणीला देऊन सरळ घरी आले. तेव्हापासून कपडा पसंत करताना मी त्याला सकाळच्या नव्हे, तर त्या साडेसहाच्या आरशात उभे करून पाहते.

खणाकडे वळले ती आईच्या ट्रंकेमुळे. तिच्या जुन्या चोळ्यांचे खण इतक्या वर्षांनीही तेजदार होते आणि तरी कुठेही भडक नव्हते. बागलकोट जिल्ह्यातल्या गुळेदगुड्डचा हा हातमागाचा माल. परंपरेने त्यात उभा धागा रेशमाचा आणि आडवा सुताचा असतो, आणि आपल्याकडे तो ओटीत, रुखवतात आणि नऊवारीवरच्या चोळीत वर्षानुवर्षे मुरलेला आहे. माझ्या कापडात उभा धागा गडद हिरवा आणि आडवा डाळिंबी आहे, म्हणजे ज्याला आपण धूपछाँव म्हणतो ते. या दोन रंगांनी माझे काम कसे केले, ते जरा सविस्तर सांगण्यासारखे आहे. ऑफिसातला प्रकाश छतभर पसरलेला, पांढरा आणि सपाट असतो. त्यात रेशमाला चमकायला एका दिशेचा उजेडच मिळत नाही आणि जाकीट जवळजवळ शेवाळी, शांत दिसते. बैठकीत त्याच्याकडे कुणाची नजरही जात नाही. मात्र नाट्यगृहाच्या पायऱ्यांवर किंवा उपाहारगृहातल्या एकेकट्या पिवळ्या दिव्याखाली आले की त्या उजेडात डाळिंबी धागा वर येतो आणि बाहीच्या प्रत्येक घडीवर रेशमाची कड उजळते. मी काहीही चढवलेले किंवा उतरवलेले नसते. बदललेला असतो तो फक्त दिवा. टिकल्या, खडे आणि वरून केलेले भरतकाम यांचे नेमके उलटे आहे, कारण ते ट्यूबलाइटखालीही तितकेच बोलत राहतात.

कापड घेताना एक सावधगिरी बाळगावी लागते. खण म्हणून बाजारात जे विकले जाते त्यातले बरेचसे यंत्रमागावरचे पॉलिस्टर असते, आणि तसे जाकीट शिवले तर ब्लाऊजचीच कथा पुन्हा घडेल. मी दुकानदाराकडून कडेचे चार-पाच धागे मागून घेतले आणि घरी निरंजनाच्या ज्योतीवर धरले. सुताची कागदासारखी हलकी राख झाली, रेशमाला केस जळल्याचा वास आला आणि चिमटीत धरताच त्याची भुकटी झाली. पॉलिस्टर असते तर वितळून टणक काळा मणी उरला असता. ही परीक्षा करून मगच मी तीन मीटर कापड घेतले. मला ते ४८० रुपये मीटरने मिळाले. शिलाई आणि अस्तर धरून पहिल्या वेळचा एकूण खर्च २,५०० रुपयांच्या थोडा वर गेला. पहिल्या वेळचा असे म्हणण्याचे कारण पुढे येईलच.

खणाचा पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, लहान असतो. माझ्या कापडाचा ३१ इंच होता. गुडघ्याच्या वरपर्यंत येणारे, पूर्ण बाह्यांचे जाकीट त्यात बेतायचे म्हणजे जोड देणे आलेच, आणि ते कुठे द्यायचे यावर सगळे रूप अवलंबून असते. आमच्या गल्लीतल्या शिंपीकाकांनी पाठीत मधोमध जोड दिला आणि कापडाचा काठ वाया न घालवता समोरच्या दोन्ही पट्ट्यांना उभा लावला, त्यामुळे वेगळी लेस किंवा पायपिंग लागलेच नाही. शिवणीत किती जागा सोडायची यावर आमचा थोडा वाद झाला. मला जाकीट आतून सुटसुटीत हवे होते. ते म्हणाले, ‘ताई, खणाला माया ठेवावीच लागते, नाहीतर दोन महिन्यांत काखेतली शिवण सरकते.’ त्यांनी पाऊण इंच माया ठेवली. आज काखेत टिपेच्या बाजूला धागे किंचित विरलेले दिसतात, पण शिवण जागची हललेली नाही. डाव्या बाजूच्या शिवणीत मी मोबाइल मावेल असा खिसाही करून घेतला. बायकांच्या तयार कपड्यांत खिशाच्या नावाखाली नुसती शिवलेली फट देण्याची पद्धत कुणी सुरू केली हे मला एकदा त्या माणसालाच विचारायचे आहे.

मोठी चूक अस्तरात झाली, आणि ती माझी होती. पॉलिस्टरचे अस्तर नको म्हणून मी मलमल आणून दिले, परंतु घाईत ते कोरेच दिले. पाण्यातून काढून वाळवून द्यायला हवे होते. ऑगस्टमध्ये पावसात भिजल्यावर मी जाकीट घरी हलक्या हाताने धुतले आणि दुसऱ्या दिवशी पाहते तो अस्तर आटलेले, खण जसाच्या तसा, आणि दोहोंच्या ओढाताणीत खालचा घेर फुग्यासारखा वर आलेला. कितीही इस्त्री फिरवली तरी तो बसेना. शेवटी सगळे अस्तर उसवून, नवे मलमल दोनदा भिजवून वाळवून पुन्हा लावावे लागले, आणि त्याचे ६५० रुपये वेगळे मोजले. त्यानंतर मात्र मी जाकीट रिठ्याच्या पाण्यात चार वेळा धुतले आहे आणि घेर सरळ आहे. पहिल्या धुण्यात पाण्याला थोडी लाली आली होती, नंतर आली नाही. वाळवताना ते सावलीत, उलटे करून आणि रुंद हँगरवर टाकते. दोरीवर पिना लावून टांगले असता खांद्याला टोके निघतात.

नऊ महिन्यांच्या वापराची खरी खूण उजव्या खांद्यावर आहे. मी लॅपटॉपची बॅग एकाच खांद्यावर घेते. पट्ट्याची कड जिथे घासते तिथे, बोटभर रुंदीत, रेशमाचे उभे धागे तुटून त्यांचा बारीक लव आला आहे आणि खालचे डाळिंबी सूत उघडे पडले आहे. हातभर अंतरावरून ते दिसत नाही, जवळून मात्र तिथला रंग डावीकडच्यापेक्षा लालसर वाटतो. खणाची वीण अंगावर घालायला मजबूत असली तरी घासणे तिला सोसत नाही, हे चोळीच्या वापरात लक्षात येण्याचे कारणच नव्हते. डिसेंबरपासून मी पाठीवरची सॅक वापरते आणि गाडीत चढण्यापूर्वी जाकीट काढून, उलट घडी करून तिच्यात ठेवते. अंगात साधा सुती कुर्ता किंवा टॉप असतो; सकाळच्या गर्दीत तेवढाच पुरतो. महिलांच्या डब्यातही ठाण्याच्या पुढे कुणाची क्लिप, कुणाच्या डब्याच्या पिशवीची कडी कशात अडकेल याचा नेम नसतो.

काळ्या पँटबद्दल फारसे लिहिण्यासारखे नाही, आणि हीच तिची थोरवी. तिचे कापड पॉलिस्टर-व्हिस्कोस मिश्रणाचे असून त्यात थोडी लायक्रा आहे; कमरेखाली पॉलिस्टर मला त्रास देत नाही, उलट त्यामुळे गुडघ्यामागे चुण्या पडत नाहीत आणि पावसात ओली झालेली खालची कड दुपारपर्यंत वाळते. लांबी मी घोट्याच्या वर ठेवली, कारण जुलैमध्ये कुर्ल्याबाहेरचा चिखल पोटरीपर्यंत उडतो. लिननच्या पँटचे दुःख वेगळे होते. लिननला अंगची लवचीकता फार कमी. घडी पडली की ती पडलीच. डोंबिवली ते कुर्ला बसायला मिळाले तर ते भाग्य मानावे, पण त्या भाग्यानेच पँटची दशा व्हायची, आणि उभे राहावे लागले की पँट बरी दिसायची.

माहेश्वरीचा अनुभव चांगला आहे, परंतु अटींसह. उभे रेशीम आणि आडवे सूत असल्याने ती खणाचीच चुलत बहीण म्हणावी. वजनाला मात्र इतकी हलकी की ऑफिसच्या खुर्चीत आठ तास बसूनही निऱ्यांचा भार जाणवत नाही. अहिल्याबाई होळकरांच्या काळापासून चालत आलेल्या या विणीत काठ दोन्ही बाजूंनी सारखाच दिसेल असा असतो, त्यामुळे साडी कुठल्याही बाजूने नेसता येते. या सोयीचा लाभ घ्यायचा म्हणून मी फॉल लावला नाही, आणि त्याची किंमत पहिल्याच आठवड्यात कळली. जिन्यावर खालची कड दुमडली जाऊन टाचेखाली येते आणि निऱ्या ओढल्या जातात. आता एकाच बाजूला फॉल लावला आहे. दुसरी बाजू वापरण्याचा मोह सोडून दिला. खांद्यावर पिन लावताना पदराखाली सुती कापडाचा छोटा तुकडा घेते, नाहीतर बॅग सावरताना पिनेजवळ भोक पडते. साडीचे दिवस महिन्यातून दोन किंवा तीन, तेही पावसाळा सोडून. जाकीट आणि पँट जितक्या बेफिकिरीने अंगावर चढवता येते, तितकी साडी मला तरी सकाळी साडेसहाला चढवता येत नाही.

जाकीट कुठे कमी पडले तेही सांगते. जानेवारीत एका सहकाऱ्याच्या लग्नाच्या स्वागत समारंभाला मी ऑफिसातून तशीच दादरला गेले. भोवती पैठण्या, ठुशा आणि गजरे असताना माझे खणाचे जाकीट, झुमके घालूनही, ऑफिसातून आल्यासारखेच दिसत होते, आणि मी ऑफिसातूनच आले होते. नाटक, गाण्याची बैठक, कुणाचा निरोपाचा जेवणाचा बेत, यांच्यासाठी ते पुरेपूर आहे; लग्नाच्या हॉलमध्ये ते घालून जाऊ नये. दुसरी मर्यादा ऋतूची. ऑक्टोबरच्या उन्हात अस्तरासह ते अंगावर ठेवणे अशक्य झाले होते, आणि रिक्षातून उतरल्यावर ऑफिसच्या दारातच ते चढवायचे असा क्रम मी पाळला. एप्रिल-मेची परीक्षा अजून व्हायची आहे. थंडी घालवण्याच्या कामी मात्र त्याने शालीची गरज संपवली. आपल्या नाट्यगृहांत दुसऱ्या अंकापर्यंत वातानुकूलन ज्या हट्टाने चालवतात, त्यात मला पूर्वी ओढणी कानावरून गुंडाळून बसावे लागे.

पायांचा प्रश्न मी टेबलाच्या खणात सोडवला आहे. कोल्हापुरी चपला तिथे कायमच्या ठेवलेल्या असतात, संध्याकाळी त्या घालते आणि प्रवासातल्या रबरी चपला पिशवीत जातात. पावसात मी कोल्हापुरी एकदाच बाहेर काढली. चामडे पाणी पिऊन फुगले आणि अंगठा सैल झाला.

गेल्या आठवड्यात मी दुसऱ्या जाकिटाचे कापड शिंपीकाकांकडे दिले. या वेळी उभा धागा शाईसारखा निळा आणि आडवा हळदी आहे, बाह्या कोपरापर्यंतच्या सांगितल्या आहेत आणि दोन्ही खांद्यांवर, पट्टा जिथे येतो तिथे, त्याच काठाची दुहेरी पट्टी मागितली आहे, म्हणजे घासून विरली तर तेवढीच बदलता येईल. अस्तराचे मलमल दोनदा भिजवून, वाळवून, इस्त्री करून दिले. काकांनी ते हातात घेऊन ताणून पाहिले आणि माझ्याकडे चष्म्यावरून बघत विचारले, ‘या वेळी धुतलंय ना?’