सातपुड्याचे जंगल की खाडीचे लाकूड? खान्देशातून बुरशीचे वर्गीकरण शिकू इच्छिणाऱ्यांसाठी तुलनात्मक आढावा

जळगाव, धुळे किंवा नंदुरबार जिल्ह्यातील महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र अथवा सूक्ष्मजीवशास्त्र घेऊन एम.एस्सी. करणाऱ्या आणि बुरशीच्या जाती ओळखणे हाच प्रकल्पाचा विषय करू पाहणाऱ्या विद्यार्थ्यापुढे लवकरच एक निवड येते. सातपुड्याच्या जंगलातील बुरशांवर काम करावे की समुद्रातील आणि खारफुटीतील बुरशांवर? प्रथमदर्शनी हा प्रश्न विचारण्यासारखाही वाटत नाही, कारण यावल, पाल आणि तोरणमाळ हाकेच्या अंतरावर आहेत आणि समुद्र मात्र आपल्या तिन्ही जिल्ह्यांपैकी एकालाही लाभलेला नाही. तरीही महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरील सागरी बुरशांची ओळख पटवण्याचे दीर्घकाळचे आणि मोलाचे काम धुळे जिल्ह्यातील वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकांनी केले आहे. समुद्रापासून इतक्या दूर बसून हे काम होऊ शकले, याचे कारण समजून घेतले तर निवड करणे पुष्कळ सोपे होते. माझ्या मते निर्णय अंतरावर ठरू नये. बुरशी आपली ओळख कुठे आणि किती वेळ दाखवते, त्यावर तो ठरावा.

जंगलातील भूछत्र आपली ओळख जागेवरच दाखवते आणि फार थोडा वेळ दाखवते. आपल्याकडचा पाऊस जळगावच्या सपाटीवर वर्षाला सातशे मिलिमीटरच्या आसपास आणि तोही मुख्यतः जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. त्यात एखादी चांगली झड होऊन दोन दिवस उघडीप मिळाली की अळंब्या वर येतात आणि तीन-चार दिवसांत सडून जातात. कोप्रिनससारख्या काही तर काही तासांतच शाईसारख्या काळ्या होऊन गळतात. छत्राचा ताजा रंग, कापल्यावर बदलणारा रंग, वास, दांड्यावरील कडे, बुंध्याशी असलेली पिशवी आणि कल्ल्यांची, म्हणजे छत्राखालच्या पातळ पात्यांची, दांड्याशी असलेली जोडणी या सगळ्या खुणा वाळलेल्या नमुन्यात एक तर नाहीशा होतात किंवा ओळखू येणार नाहीत इतक्या बदलतात. म्हणून जंगलात काम करणाऱ्याची खरी प्रयोगशाळा म्हणजे त्याची वही. नमुना उचलण्यापूर्वी छायाचित्र, झाडाचे नाव, जमीन की लाकूड की शेण, ही नोंद झाली नाही तर पुढे कितीही चांगला सूक्ष्मदर्शक असला तरी तो नमुना जातीपर्यंत पोहोचत नाही.

याचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे वारुळाच्या आसपास उगवणारी टर्मिटोमायसिस ही अळंबी. वाळवी जमिनीखाली आपल्या बागेत हीच बुरशी वाढवते, आणि छत्राचा दांडा खाली मुळासारखा लांबत जाऊन त्या बागेपर्यंत पोहोचलेला असतो. ज्याने ती वरून उपटली, त्याने ओळखीची मुख्य खूणच जमिनीत सोडली. लहान खुरपे घेऊन शांतपणे खणत गेल्यास मुळासारखा तो भाग अखंड हाती येतो आणि वंश निश्चित होतो. याच वंशातील टर्मिटोमायसिस मायक्रोकार्पस मात्र शेकडोंच्या संख्येने, अगदी लहान छत्र्यांच्या रूपात उगवते आणि तिच्यात असा लांब दांडा सहसा दिसत नाही, म्हणून तिथे इतर खुणांवर भिस्त ठेवावी लागते. शेजारच्या कोरड्या वारुळावर पोडॅक्सिस पिस्टिलॅरिस उभी असेल तर तिचे मिटलेले, लांबट छत्र दुरूनही ओळखता येते, आणि नवशिक्याला पहिल्या दिवशी धीर देण्यासाठी ती फार चांगली आहे.

सातपुड्यात काम करायचे ठरवणाऱ्याने आणखी एक गोष्ट आधी समजून घ्यावी. आपले जंगल कोरड्या पानझडीचे आहे; त्यात साग, अंजन, सालई, धावडा, टेंभुर्णी आणि मोह यांचा भरणा आहे. सागाच्या मुळांशी नाते जोडणारी बुरशी मुळाच्या पेशींच्या आत राहते आणि जमिनीवर छत्र उगवत नाही. साल किंवा देवदाराच्या जंगलात मुळांशी संबंधित अशा रुसुला आणि अमॅनिटांची जी गर्दी होते, तिची अपेक्षा ठेवून यावल अभयारण्यात गेलेला विद्यार्थी निराश होईल. त्याऐवजी लाकूड कुजवणाऱ्या बुरशा इथे विपुल आहेत. ओंडक्यावरील ट्रामिटीस, गॅनोडर्मा, फेलिनस, डाल्डिनियाचे कोळशासारखे गोळे आणि स्किझोफायलम कम्यून या सगळ्या टिकाऊ आहेत. स्किझोफायलम तर उन्हाळ्यात आकसून पडते आणि पाणी लागताच पुन्हा उघडते, आणि तिचे उभे चिरलेले कल्ले साध्या भिंगातूनही स्पष्ट दिसतात. हिवाळ्यात सागाची पाने उलटून पाहिली तर ऑलिव्हिया टेक्टोनी या तांबेऱ्याची पिवळट-नारिंगी भुकटी बोटाला लागते. पावसाळा हुकलेल्या विद्यार्थ्यालाही त्यामुळे सातपुडा रिकाम्या हाताने परत पाठवत नाही.

सागरी बुरशीची रीत नेमकी उलटी आहे. तिचे फलपिंड, म्हणजे बीजाणू तयार होणारा भाग, बहुधा एक मिलिमीटरपेक्षाही लहान, काळे, लाकडात अर्धे रुतलेले असते, आणि ते खाडीत उभे राहून शोधण्यात अर्थ नाही. तिवर किंवा कांदळ या खारफुटीच्या झाडांच्या मेलेल्या फांद्या, किनाऱ्यावर वाहून आलेले आणि सागरी जिवांनी पोखरलेले लाकूड उधाणाच्या मोठ्या ओहोटीत गोळा करायचे, निर्जंतुक पिशवीत घालून घरी आणायचे, स्वच्छ समुद्राच्या पाण्याने धुवायचे आणि ओलसर टिपकागद घातलेल्या झाकणाच्या डब्यात ठेवून द्यायचे. दोन आठवड्यांनी पहिली पाहणी करावी आणि त्यानंतर सहा महिने, कधी त्याहूनही अधिक काळ, ठरावीक अंतराने तेच लाकूड पाहत राहावे. सुरुवातीला एक जात दिसते, तिसऱ्या महिन्यात तिची जागा दुसरी घेते. धुळ्यासारख्या ठिकाणी बसून सागरी बुरशांचा अभ्यास होऊ शकला, त्याचे रहस्य या डब्यांत आहे: वर्षातून दोन फेऱ्या किनाऱ्याला आणि उरलेले वर्ष टेबलावर.

टेबलावरील हे काम अतिशय सुंदर आहे, हे मला मुद्दाम सांगावेसे वाटते. जमिनीवरच्या बुरशांचे बीजाणू वाऱ्यावर जातात. सागरी बुरशीच्या बीजाणूला पाण्यात तरंगत राहून एखाद्या लाकडाला किंवा वाळूच्या कणाला चिकटायचे असते, म्हणून त्याच्यावर शेपट्या, काटे, श्लेष्मल टोप्या अशा उपांगांची रचना असते आणि वर्गीकरण मुख्यतः तिच्यावरच उभे आहे. कोरोलोस्पोरा मारिटिमाच्या बीजाणूला दोन्ही टोकांना काटे आणि मधोमध उपांगांचे कडे असते. लुलवर्थियाचे बीजाणू दोऱ्यासारखे लांब असून त्यांच्या टोकांशी श्लेष्माने भरलेला लहान कप्पा असतो. सिरेनॅलियाचे बीजाणू गुंडाळी घेतलेले असतात. ही उपांगे नाजूक असल्यामुळे पहिली काचपट्टी नेहमी समुद्राच्या निर्जंतुक पाण्यात करावी. सवयीने थेट लॅक्टोफिनॉल कॉटन ब्ल्यू हे रंगद्रव्य घातल्यास जी खूण शोधायची तीच पुसट होण्याचा धोका असतो. जंगलातील छत्रांसाठी मात्र हेच रंगद्रव्य, पोटॅशचे द्रावण आणि आयोडीनयुक्त मेल्झरचे द्रावण रोज लागते. तिथे छत्र कागदावर ठेवून बीजाणूंचा ठसा घेण्यालाही पर्याय नाही. पावसाळ्यात हिरवळीवर उगवणारी विषारी क्लोरोफायलम मॉलिब्डायटिस दिसायला खाण्याच्या अळंबीसारखी असते, पण तिचा ठसा हिरवट उमटतो आणि तेवढ्यावर ती ओळखली जाते. वर्गीकरणासाठी केलेली ओळख खाण्यासाठी कधीही वापरू नये, हे प्रत्येक विद्यार्थ्याने पहिल्या दिवशीच मनाशी ठरवावे.

जातींच्या संख्येतही फरक मोठा आहे. जगात आजवर बुरशीच्या सुमारे दीड लाख जातींचे वर्णन झाले आहे आणि २०१७ साली मांडलेला एकूण जातींचा अंदाज २२ ते ३८ लाखांचा आहे. यातील बहुतांश भाग जमिनीवरचा आहे. समुद्रातून नोंदलेल्या जाती मात्र हजार ते दोन हजारांच्या घरातील आहेत. नवशिक्याच्या दृष्टीने याचा अर्थ असा की सागरी बुरशीची ओळख-सारणी हातात मावते. खारफुटीच्या लाकडावर वारंवार भेटणाऱ्या व्हेरुक्युलिना एनालिया किंवा हॅलोरोसेलिनिया ओशिआनिका अशा वीस-पंचवीस जाती एकदा नजरेत बसल्या की पुढचे काम वेगाने सरकते. सातपुड्यातील एखाद्या छत्राच्या बाबतीत मात्र अनेकदा वंशापर्यंत पोहोचून थांबावे लागते, आणि असे थांबणे प्रामाणिकपणाचेच असते. युरोपातील पुस्तकातले नाव आपल्या नमुन्याला चिकटवण्याची घाई किती महाग पडते, हे गॅनोडर्मा ल्युसिडम या नावावरून कळते. हे नाव मुळात १७८१ साली इंग्लंडमधील नमुन्यावरून आले. आशियातील लाकडावर उगवणाऱ्या चकचकीत गॅनोडर्मांना सरसकट तेच नाव दिले गेले, आणि चीनमध्ये लागवड होणारी जात वेगळी असल्याचे दाखवून २०१२ साली तिला गॅनोडर्मा लिंगझी हे नाव द्यावे लागले.

समुद्राच्या बाजूची अडचण वेगळी आहे: सागरी कोणाला म्हणायचे? जी बुरशी फक्त समुद्रात किंवा खाडीतच वाढते आणि बीजाणू देते ती पूर्ण सागरी, आणि जी मूळची जमिनीवरची किंवा गोड्या पाण्यातली असून खाऱ्या पाण्यातही वाढू शकते ती वैकल्पिक सागरी, असा भेद १९७९ पासून रूढ आहे. मात्र लाकडाच्या तुकड्यावरून पेट्री बशीत उगवलेला अ‍ॅस्परजिलस खरोखर खाडीत जगत होता की त्याचा बीजाणू नुसता येऊन पडला होता, हे बशी सांगत नाही. दुसऱ्या बाजूला, कॅरिबियन समुद्रातील पंख्यासारख्या प्रवाळांना आजारी पाडणारी बुरशी अ‍ॅस्परजिलस सिडोवी ही जमिनीवरचीच जात निघाली, म्हणून अशी नोंद टाकूनही देता येत नाही. लाकडावर प्रत्यक्ष फलपिंड दिसले आणि त्यातूनच एकबीजाणू संवर्धन (एकाच बीजाणूपासून बुरशी वाढवणे) केले, तर हा वाद बराचसा मिटतो.

डीएनए तपासणीने हे सगळे आपोआप सुटेल, ही समजूत दोन्हीकडे सारखीच चुकीची आहे. आयटीएस हा डीएनएचा भाग २०१२ साली बुरशीसाठी ओळखचिन्ह म्हणून स्वीकारला गेला आणि त्याचा उपयोग निर्विवाद आहे. परंतु अ‍ॅस्परजिलस, ट्रायकोडर्मा, फ्युझेरियम अशा वंशांत तो जाती वेगळ्या करायला पुरत नाही आणि दुसरी जनुके तपासावी लागतात. शिवाय तुलनेच्या साठ्यात आपल्या भागातील जातीचा डीएनए-क्रमच नसेल, तर संगणक जवळचे म्हणून दूरचेच नाव दाखवतो. जंगलातील जाड फलपिंडाच्या आतल्या गरातून स्वच्छ डीएनए मिळणे तुलनेने सोपे आहे, तर लाकडातून थेट काढलेल्या डीएनएत जमिनीवरून वाहून आलेल्या बीजाणूंचेही अंश असतात. म्हणून शुद्ध संवर्धन, काचपट्टी, वाळवलेला नमुना आणि क्रम हे चारही एकाच क्रमांकाखाली ठेवावेत आणि नमुना पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतील अजरेकर बुरशी-संग्रहालयासारख्या मान्य ठिकाणी जमा करावा. जमा केलेल्या नमुन्याशिवाय छापलेले नाव पुढच्या अभ्यासकाला तपासता येत नाही.

परवानग्यांबाबत फार फरक नाही. यावल हे १९६९ पासूनचे अभयारण्य असल्यामुळे १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली आधी लेखी परवानगी लागते, आणि महाराष्ट्रातील खारफुटीसाठीही वन विभागाच्या कांदळवन कक्षाकडे अर्ज करावा लागतो. अर्ज दोन-तीन महिने आधी करावा. प्रवासाच्या दृष्टीने भुसावळ-सुरत लोहमार्गाने सुरतेपर्यंत आणि तिथून डहाणूला जाणे सोयीचे आहे. आपली तापीही सुरतेपाशीच समुद्राला मिळते, मात्र १९७२ साली पूर्ण झालेल्या उकाई धरणामुळे सातपुड्याचा ओंडका आता तिच्यातून वाहत खाडीपर्यंत जाईल अशी अपेक्षा ठेवता येत नाही.

आता निवडीबद्दल माझे मत स्पष्टपणे सांगतो. ज्याचे घर रावेर, चोपडा, शिरपूर, शहादा किंवा अक्राणी या तालुक्यांत आहे, जो पावसाळ्यात आठवड्यातून दोनदा जंगलात जाऊ शकतो आणि ज्याच्यासोबत वाट माहीत असलेला पावरा किंवा भिल्ल समाजातील जाणकार आहे, त्याने सातपुडाच घ्यावा, पीएच.डी.साठी तर निःशंकपणे घ्यावा, कारण तेथील नोंदी कमी आहेत आणि काम अनेक वर्षांचे आहे. एम.एस्सी.च्या एका वर्षात मात्र सगळ्या भूछत्रांचा पसारा अंगावर घेऊ नये. सागाच्या पडलेल्या लाकडावरील बुरशा एवढाच विषय पुरेसा आहे. मी स्वतः पहिल्या वर्षी पालच्या बाजूने आणलेले चाळीस नमुने प्लॅस्टिकच्या पिशव्यांत भरले होते आणि जळगावला पोहोचेपर्यंत त्यातील बहुतेक घाम येऊन काळे पडले. तेव्हापासून कागदाची पाकिटे आणि वेताची टोपली यांशिवाय मी जंगलात गेलेलो नाही.

शहरात राहणाऱ्या, पावसाळ्यात तासिका आणि परीक्षांनी बांधलेल्या, परंतु चांगला सूक्ष्मदर्शक आणि रोज एक तास उपलब्ध असलेल्या विद्यार्थ्याने, मग तो कितीही समुद्रापासून दूर असो, खारफुटीचे लाकूड निवडावे. त्याला एका वर्षात जातीपर्यंत पोहोचल्याचे समाधान मिळण्याची शक्यता अधिक आहे. फक्त लाकूड आणण्याची वेळ चुकवू नये. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि साध्या खोलीतील डबे तापून वाळतात, म्हणून पहिली फेरी पावसाळा संपताच ऑक्टोबरच्या पौर्णिमेला किंवा अमावास्येला करावी. असे केल्यास थंडीचे चार-पाच महिने डब्यांना मिळतात आणि उन्हाळा लागण्यापूर्वी बहुतेक काचपट्ट्या तयार झालेल्या असतात.