मेडिकल की फार्मसी ठरवून देणारी काउन्सेलिंग सेवा: प्रश्नावली सोडा, केस सोडवा

पाचपैकी तीन तारे. तिन्ही उत्तरार्धाचे, पूर्वार्धाला माझ्याकडून शून्य.

मी रुग्णालयात फार्मासिस्ट आहे, तेव्हा या परीक्षणात माझा थोडा पक्षपात असणार. तो वजा करून वाचा. ही ऑनलाइन सेवा भाच्यासाठी घेतली. त्याला मेडिकल आणि फार्मसी यांतलं एक निवडायचंय आणि घरातल्या कुणाचं ऐकायचं नाहीये, माझं तर मुळीच नाही. म्हटलं, त्रयस्थ माणूसच बरा. पॅकेजमध्ये एक लांबलचक प्रश्नावली, तिच्यावरून निघणारा अहवाल, एक केस सोडवण्याचा सराव आणि शेवटी एका निवासी डॉक्टरशी व एका फार्मासिस्टशी फोनवर बोलणं, असं सगळं येतं.

आधी प्रश्नावली. ‘माणसांशी बोलायला आवडतं का?’ हो म्हटलं की गुण मेडिकलच्या खात्यात. ‘केमिस्ट्री आवडते का?’ फार्मसी. ‘रक्त बघून चक्कर येते का?’ पुन्हा फार्मसी. हे लिहिणाऱ्याने औषधांच्या काउंटरमागे एक दुपारही काढलेली नसावी. दम्याच्या पेशंटला इनहेलर कसा ओढायचा, आधी श्वास सोडायचा, मग औषध आत घेऊन तो रोखून धरायचा, हे कोण दाखवतं? दिवसभर माणसांशी बोलून घसा बसतो आमचा. उलट रेडिओलॉजिस्टचा बराचसा दिवस पडद्यासमोर जातो.

अहवाल रंगीत आणि गुळगुळीत. भाचा ‘ठळकपणे फार्मसीकडे झुकलेला’ निघाला, कारण त्याला केमिस्ट्री आवडते आणि पाहुणे आले की तो आतल्या खोलीत जातो. फार्मसीतल्या कामांच्या यादीत औषधांचं दुकान आणि औषध कंपनी, बास. वॉर्डात राऊंडला जाणारा क्लिनिकल फार्मासिस्ट नाही, निर्जंतुक खोलीत केमोथेरपीची औषधं तयार करणारा नाही, विषबाधेच्या माहिती केंद्रात फोन घेणारा नाही. मेडिकलच्या यादीत भूलतज्ज्ञ नाहीत, आणि औषधाचा परिणाम मिनिटामिनिटाला डोळ्यांसमोर बघणारा डॉक्टर म्हणजे तेच. दोन्हींच्या मधलं काम तर कुठेच नाही. फ्रान्सिस केल्सी यांनी १९३८ मध्ये औषधशास्त्रात डॉक्टरेट घेतली, १९५० मध्ये त्या वैद्यकीय पदवीधर झाल्या आणि १९६० मध्ये अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेत रुजू होऊन त्यांनी सुरक्षिततेचा पुरेसा पुरावा मागत थॅलिडोमाइडची (गर्भातल्या बाळांना व्यंग आणणारं म्हणून पुढे कुप्रसिद्ध झालेलं औषध) मंजुरी रोखून धरली. त्यांना या अहवालाने कोणत्या रकान्यात बसवलं असतं कोण जाणे.

कालावधीबद्दल ‘मेडिकलला वेळ जास्त, फार्मसीला कमी’ एवढंच लिहिलंय. खरा फरक कुठे पडतो ते सांगायला हवं होतं. अमेरिकेत दोन्हींचा व्यावसायिक अभ्यासक्रम साधारण चार वर्षांचाच असतो. तफावत पुढे येते. डॉक्टरची रेसिडेन्सी, म्हणजे पदवीनंतर रुग्णालयात काम करत घ्यायचं प्रशिक्षण, ३ ते ७ वर्षं चालते आणि तिथल्या कामाच्या तासांवर २००३ मध्ये जी देशव्यापी मर्यादा आली, तीही आठवड्याला सरासरी ८० तासांची! फार्मासिस्टला परवान्याची परीक्षा झाली की काम सुरू करता येतं, रेसिडेन्सी ऐच्छिक. आणि ‘फार्मासिस्ट स्वतः औषध लिहून देत नाही’ हे वाक्य सरसकट छापणं चूक आहे. ब्रिटनमध्ये तसं प्रशिक्षण घेतलेले फार्मासिस्ट २००६ पासून स्वतंत्रपणे औषधं लिहून देऊ शकतात.

आता तारे कशासाठी, ते. केसचा सराव ज्याने कुणी लिहिलाय, त्याने हे काम केलेलं आहे. एक वयस्क बाई, धाप लागलीय, थोडा ताप. हृदयाचे ठोके अनियमित म्हणून रक्ताच्या गुठळ्या होऊ न देणारं वॉरफरिन चालू, कोलेस्टेरॉलसाठी सिमव्हास्टॅटिन. पहिल्या भागात तुम्ही डॉक्टर. न्यूमोनिया, हृदयावरचा ताण की फुप्फुसात अडकलेली गुठळी? माहिती तुकड्यातुकड्याने येते, प्रत्येक तपासणीत वेळ जातो आणि तोवर बाईंचा ऑक्सिजन खाली येत राहतो. दुसऱ्या भागात तुम्ही फार्मासिस्ट. न्यूमोनियाचं निदान झालंय, औषधांत क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक लिहिलंय, चिठ्ठी तुमच्या हातात. हे औषध यकृतातलं एक एन्झाइम अडवतं, त्यामुळे सिमव्हास्टॅटिन रक्तात साचतं, स्नायू मोडायला लागतात आणि त्याचा भार मूत्रपिंडांवर येतो. शिवाय वॉरफरिनचा परिणाम वाढून रक्तस्रावाचा धोका. आता डॉक्टरांना फोन करून काय सुचवाल, ते लिहा.

दुसरा भाग भाच्याने चोख सोडवला, पण चेहऱ्यावर काही नाही. पहिल्या भागात मात्र जेवायला हाक मारली तर उठेना. नंतर म्हणाला, “मावशी, निदान सापडलं आणि मजाच गेली.” माझी मजा तिथूनच सुरू होते! आजाराचं नाव ठरलं, औषध ठरलं. आता ते या शरीरात, या वजनाला, या मूत्रपिंडांना, बाकीच्या सात गोळ्यांबरोबर चालेल का? मला हा प्रश्न पुरतो. त्याला नाही पुरणार. प्रश्नावलीने जे सांगितलं त्याच्या नेमकं उलट केसने दाखवलं, आणि माझा विश्वास केसवर आहे.

फोनही चांगले झाले. फार्मासिस्टने मेथोट्रेक्सेटचं उदाहरण दिलं. संधिवातात हे औषध आठवड्यातून एकदा घ्यायचं असतं. चिठ्ठीत ‘रोज’ पडलं आणि कुणी पाहिलं नाही तर अस्थिमज्जा निकामी होऊन माणूस दगावू शकतो. चूक पकडली तर काहीच घडत नाही, त्यामुळे कौतुकही होत नाही, हे त्यांनी सरळ सांगून टाकलं. निवासी डॉक्टर बाई थकलेल्या वाटल्या, पण मोकळ्या बोलल्या. भाच्याने विचारलं, सगळ्यात अवघड काय? त्याला वाटलं, ऑपरेशन म्हणतील. त्या म्हणाल्या, “घरी पाठवणं.” छातीत दुखतंय म्हणून आलेल्याला दाखल करणं सोपं, सगळे रिपोर्ट बरे आहेत, जा घरी, असं पहाटे आपल्या सहीने म्हणायचं, ते जड जातं. हे ऐकून तो घाबरेल असं मला वाटलं होतं. त्याने उलट विचारलं की, मग ठरवता कसं?

तक्रार एवढीच की फोनची वेळ फार कमी आणि तो सगळ्यात शेवटी ठेवलाय, अहवाल वाचून मत बनल्यावर. शिवाय पगाराबद्दल विचारू नका, अशी आधीच सूचना. का बरं? करिअर निवडतोय ना पोरगा?

फक्त केस आणि फोन सुटे घेता येतील का, असं त्यांना विचारलं. पॅकेज तोडून मिळत नाही, असं उत्तर आलं. मिळायला लागलं तर एक तारा वाढवीन.