२० व्हॉल्यूम हायड्रोजन पेरॉक्साइड, ५०० मिली: कोल्हापुरातल्या शाळांच्या प्रयोगासाठी कसं?

शाळेत ऑक्सिजन तयार करायला पोटॅशियम क्लोरेट तापवण्यापेक्षा ही बाटली कितीतरी सुरक्षित. २० व्हॉल्यूम म्हणजे सुमारे ६ टक्के. १ मिलीतून साधारण २० मिली वायू. ५० मिलीत लिटरभर ऑक्सिजन, म्हणजे चार-पाच गॅसजार सहज भरतात. वायू झटपट सुटावा म्हणून घालायचा उत्प्रेरक, मँगनीज डायऑक्साइड, अर्धा ग्रॅम पुरे. तो संपत नाही. गाळून, धुऊन, वाळवून पुन्हा वापरा. भुकटी फ्लास्कमध्ये आधी, पेरॉक्साइड थिसल फनेलमधून (लांब नळीचं नरसाळं) थेंबथेंब. उलट केलंत तर फेस नळीत चढतो. सुरुवातीचे बुडबुडे हवेचे, ते सोडून द्या, नाहीतर उदबत्तीची ठिणगी पेट घेत नाही आणि दोष बाटलीला लागतो.

खरी अडचण साठवणीची. एप्रिल-मेच्या उन्हात दुकानाच्या दारात ठेवलेला माल घेऊ नका. फुगलेली बाटली म्हणजे आत विघटन सुरू आहे. टोपणाला वायू सुटण्याची सोय हवी. उरलेलं द्रावण बाटलीत परत ओतू नये. धुळीचा किंवा लोखंडाचा अंशही ते बिघडवतो.

शंका आली तर टायट्रेशन करा, म्हणजे ठरावीक ताकदीचं द्रावण थेंबथेंब घालून पेरॉक्साइडची ताकद मोजा: १० पट पातळ केलेलं पेरॉक्साइड १० मिली, त्यात विरल सल्फ्युरिक आम्ल, आणि वरून ०.०२ मोलर पोटॅशियम परमँगनेट. ३५ मिलीच्या आसपास फिकट गुलाबी रंग टिकला तर माल चोख. २५ मिलीतच टिकला तर ताकद जेमतेम सव्वाचार टक्के, बाटली परत करा. हायड्रोक्लोरिक आम्ल मात्र वापरू नका, परमँगनेट त्याच्यावरही खर्च होतं. तपकिरी गढूळपणा आला तर आम्ल कमी पडलंय.

हातमोजे, चष्मा हवेतच. ३० टक्क्यांची बाटली स्वस्त पडते म्हणून शाळेत आणू नये. ती कातडी भाजते.